मॉलिक्युलर मॉडेल सेट, सात महिन्यांनंतर: कार्बनला पाचवं छिद्र हवं होतं

काल तासगाव-सांगली एसटीत या गोळे-दांड्या जोडून रेणू बांधायच्या सेटचा डबा उघडला तर डबल बाँडची वाकणारी दांडी मुळातून तुटलेली. ही चौथी. दुकानदार म्हणतो, "सुट्या मिळत नाहीत, पूर्ण सेट घ्या." चार दांड्यांसाठी परत साडेपाचशे रुपये? नाही परवडत.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. काळ्या गोळ्याला, म्हणजे कार्बनला, छिद्रं चारच. एसएन-टू या अदलाबदलीच्या अभिक्रियेत न्यूक्लिओफाइल (नवा जोडला जाणारा गट, इथे ओएच) मागून येत असतो तेव्हाच लीव्हिंग ग्रुप (सुटून जाणारा, इथे ब्रोमिन) पुढून सुटत असतो. त्या मधल्या क्षणी कार्बनभोवती पाच जण असतात: तीन एका पातळीत, दोन समोरासमोर. सेटमध्ये हे बांधताच येत नाही. ब्रोमिन उपटल्याशिवाय ओएच लावायला जागाच नाही! आधी सुटणार, मग जोडणार, म्हणजे ती दुसरी, दोन टप्प्यांची अभिक्रिया, एसएन-वन झाली. सप्टेंबरमध्ये माझ्या डोक्यात हेच पक्कं बसलं आणि टेस्टमध्ये २-ब्रोमोऑक्टेनच्या एसएन-टूचं उत्तर मी उलटलेल्या रूपाऐवजी रेसिमिक (दोन्ही आरसारूपांचं निम्मं-निम्मं मिश्रण) लिहून आले. त्या रागात एक स्टार दिला होता.

तो आता मागे घेते. जानेवारीत बागेतला एक कच्चा, कडक द्राक्षमणी घेतला आणि त्यात पाच टूथपिक खोचल्या. डावीकडे सेटमधलं ब्रोमोऑक्टेन ठेवलं (लांब साखळीऐवजी एकच निळा गोळा), मधे मणी, उजवीकडे ऑक्टॅन-२-ऑल (ब्रोमिन जाऊन ओएच आलेला रेणू). तीन हात आधी येणाऱ्या ओएचकडे झुकलेले, मण्यात सरळ, आणि शेवटी ब्रोमिन होता त्या बाजूला कललेले. सर वाऱ्यात उलटणाऱ्या छत्रीचं उदाहरण देतात ते तेव्हा कळलं. १८९६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ वाल्डेनला जे उलटणं दिसलं, ते माझ्या ओट्यावर होतं.

मग टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड (ब्रोमिनच्या कार्बनला तीन मिथाइल गट) बांधलं आणि ब्रोमिनच्या विरुद्ध बाजूने करंगळी कार्बनपर्यंत नेऊन पाहिली. तीन मिथाइलमधून ती जाईचना. तिथे एसएन-टू का होत नाही, हे मला आता पाठ करावं लागत नाही.

सायक्लोहेक्झेनच्या चेअरसाठी (सहा कार्बनच्या कड्याचा खुर्चीसारखा आकार) सेट उत्तमच. बेंझिन बांधून मात्र फसू नका, सेटमध्ये एकाआड एक सिंगल-डबल बाँड दिसतात, पण खरे सहाही बाँड सारखे, १३९ पिकोमीटर.

आता चार स्टार. तुटलेल्या दांड्यांच्या जागी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापून बसवली आहे, इथीन (दोन कार्बनमध्ये डबल बाँड) बांधून होतं. कुणाकडे जुन्या सेटमधला पाच छिद्रांचा गोळा पडून असेल तर सांगा, सांगली स्टँडवर येऊन घेऊन जाईन.