लाईट गेली आणि 'लाइव्ह' घोडे थांबले

नागपुरात रेसकोर्स नाही. महाराष्ट्रात घोड्यांच्या रेसची मोठी मैदानं दोनच, मुंबईचं महालक्ष्मी आणि पुण्याचं. मुंबईचा सीझन हिवाळ्यात सुरू होऊन एप्रिलच्या आसपास आटोपतो, पुण्याचा पावसाळ्यात लागतो. तेव्हा नवतपा तापलेला असताना कोणी 'मुंबईची रेस लाइव्ह' म्हणत असेल, तर दारातूनच परत फिरा.

आम्ही गेलो ते वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये, मे अखेरच्या रविवारी. समर फेस्टिव्हल म्हणून मंडप, कूलर, उसाचा रस, पोट्ट्यांसाठी झोपाळे. आणि मागच्या हॉलमध्ये भला मोठा पडदा. साळे म्हणाले, "भाऊजी, चला ना, पाहून तं येऊ." काउंटरवर रोख घेतच नव्हते. क्यूआर कोड स्कॅन करायचा, आणि नाव यायचं ते कुण्या बाईचं. बदल्यात लाल-निळी कुपनं. घोडा लावायचा कुपनांनी, जिंकलं तरी हातात कुपनंच, रोख मात्र "प्रोग्राम संपल्यावर". टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवरच्या अधिकृत बेटिंग काउंटरच्या, खऱ्या तिकिटावर रेसचा नंबर, घोड्याचा नंबर, रक्कम छापलेली असते. इथे कुपनावर गणपतीचा शिक्का.

भिंतीवर फ्लेक्स होता: 'घोड्यांची रेस जुगार नाही, सुप्रीम कोर्ट 1996'. निकाल खरा आहे. पण रेस हा कौशल्याचा खेळ ठरला म्हणून कोणीही लॉन भाड्याने घेऊन सट्टा घ्यावा, असं त्यात कुठे आहे?

पहिल्या रेसला फेव्हरिट आला आणि अख्खा हॉल खूश. पुढे फळ्यावर एखाद्या घोड्याला असा भाव द्यायचे की पब्लिक त्याच्यावरच तुटून पडे, आणि तो शेवटून दुसरा. जिंकायचे पुढच्या रांगेतले तिघे-चौघे. गेट उघडता उघडता दहाला एकचा, म्हणजे एकावर दहा देणारा, घोडा लावायचे आणि मग खुर्च्यांवर चढून नाचायचे. पडद्याच्या खालच्या पट्टीवर, जिथे तारीख-वेळ दिसते, फेस्टिव्हलचं बॅनर ताणलेलं होतं.

मग लाईट गेली. रेस ऐन शेवटच्या वळणावर होती. जनरेटरवाल्याला शोधून आणेपर्यंत पाच-सात मिनिटं सहज गेली. रेस म्हणजे सगळा मिळून दीड-दोन मिनिटांचा खेळ. पडदा उजळला, लॅपटॉपवाला वाकला, आणि घोडे त्याच वळणावरून पुन्हा सुटले! अंधार होताच त्याने सवयीने पॉज दाबलं असणार. मागून एक जण ओरडला, "काऊन बे, घोडे पाणी प्यायले थांबले होते काय?" हशा पिकला, आणि हसता हसताच लोक काउंटरकडे धावले. काउंटरवर स्टेपलर आणि अर्धा प्यालेला रसाचा ग्लास. माणूस नाही. साळ्यांच्या खिशात बावीस हजारांची कुपनं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "तुमची रक्कम मंजूर आहे, आधी तीस टक्के टॅक्स भरा." रेसमध्ये जिंकलेल्या पैशांवर 30 टक्के टीडीएस कापतात, म्हणूनच ही थाप खपते. पण तो पैसे देणाराच कापून घेतो. जिंकणाऱ्याने आधी खिशातून भरायचा नसतो. हॉलमधल्या एका रिटायर्ड काकांनी तेही भरले.

तक्रारीला मात्र फारसं कोणी तयार होईना. परवान्याशिवाय रेसकोर्सबाहेर सट्टा बेकायदा, तेव्हा आपल्यावरच शेकेल ही धास्ती. या टोळीचं भांडवलच ते. आम्ही 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर दिले, बँकेतही लेखी अर्ज टाकला. उशीर जितका कमी, तितकी पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायची आशा जास्त. खात्यातली थोडी रक्कम रोखून धरली आहे म्हणतात; हातात अजून दमडी नाही.

आता जूनमध्ये त्याच नंबरवरून साळ्यांना मेसेज आलाय: कोराडी रोड, नवा लॉन, 'इंडियन डर्बी लाइव्ह'. इंडियन डर्बी फेब्रुवारीत होते.