दहा हजार खर्चायचे, तर पिकअपवर की प्रोसेसरवर?

बारा-पंधरा हजारांची इलेक्ट्रिक गिटार आहे, हाती दहाएक हजार आहेत आणि टोन सुधारायचा आहे. व्हिडिओ पाहिले तर जो तो म्हणतो, पिकअप (तारांखालचा, त्यांच्या कंपनाची वीज करणारा चुंबक-कॉइलचा भाग) बदला. पण व्हिडिओवाल्याच्या खोलीत चांगला ट्यूब अ‍ॅम्प (व्हॉल्व्हवर चालणारा गिटार अ‍ॅम्प्लिफायर) असतो. आपली गिटार भीमजयंतीला, गणपतीत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नाहीतर वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकात थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये खोचली जाते. सगळा हिशेब तिथेच फिरतो.

साध्या गिटारला पुढे साधारण १० लाख ओहमचा इनपुट हवा असतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो बहुधा दहा-वीस हजार ओहमचा असतो. पिकअपवर भार येतो आणि ट्रेबल तिथेच मरतो. महागडा सेमूर डंकन कंपनीचा पिकअप बसवला म्हणून हा भार टळत नाही. डिस्टॉर्शनचं, म्हणजे रॉकमधल्या फाटक्या आवाजाचं, तर विचारूच नका. गिटार अ‍ॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो. मांडवातल्या टॉपचा (वरच्या स्पीकर-पेटीचा) हॉर्न काहीच कापत नाही. मग साउंडवाला ओरडतो, "भाऊ, गिटार भल्लीच चिरचिरून राह्यली!" आणि मिक्सरवरचा तुमच्या आवाजाचा फेडर (सरकपट्टी) खाली ओढतो.

प्रोसेसर, म्हणजे अ‍ॅम्प आणि इफेक्टची नक्कल करणारी पायाखालची पेटी, या दोन्ही दुखण्यांवर एकदम चालतो. झूम जी-वन फोरसारख्या छोट्या मॉडेलमध्येही इनपुट गिटारच्या हिशेबाचा असतो आणि अ‍ॅम्पसोबत स्पीकर कॅबिनेटची नक्कलही मिळते. ती नक्कल चालू ठेवायची, हे मात्र विसरू नका. शिवाय तो चार पेन्सिल सेलवर चालतो. लाइटीचा भरवसा नसलेल्या गावात ही मोठी सोय. नुसता क्लीन आवाज वाजवत असाल तर प्रोसेसरही नको, त्याहून स्वस्तातला अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची, पिकअपवरचा भार टाळणारी डबी) पुरे.

गुणगुण हा पिकअपवाल्यांचा हुकमी मुद्दा, आणि तो अर्धा खरा आहे. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप, ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो हंबकर दोन उलट कॉइल वापरून ती खोडतो. पण मांडवात अर्थिंगच नसेल तर कोणताही पिकअप तुम्हाला वाचवणार नाही. हातात तारा आणि ओठांना माइक, अशात झटका बसू शकतो. टोनच्या आधी ते तपासून घ्या.

आता स्वस्तातलं. पाच-सातशेच्या नव्या तारा आणि सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक वगैरे नीट लावून घेणं) यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा त्या पैशात दुसऱ्या कशानेच पडत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत नेक सुकते, पावसाळ्यात ओल धरते, त्यामुळे ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) वर्षातून दोनदा तरी पाहावा लागतो. पिकअपची उंची स्क्रूड्रायव्हरने फुकटात बदलते. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत दोन-तीन मिलीमीटर अंतर ठेवा. फार जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डगमगतो.

टोनच्या नॉबला जोडलेल्या कपॅसिटरच्या जागी 'व्हिंटेज' कपॅसिटर घ्यायला एक रुपया घालू नका. त्याची क्षमता ०.०२२ मायक्रोफॅरडच असेल तर तो कागदाचा की प्लास्टिकचा, हे कानाला कळत नाही.

मग पिकअप घ्यायचेच कुणी? ज्याच्याकडे प्रोसेसर आहे, तारा ताज्या आहेत, घरी रेकॉर्डिंग चालतं आणि तरी सिंगल कॉइलची गुणगुण छळते, त्याने. सिंगल कॉइलच्याच मापाचा, गुणगुण खोडणारा पिकअप मिळतो, तो आधी फक्त ब्रिजला (तारा गिटारच्या अंगावर टेकतात त्या बाजूला) लावा. जुना पिकअप जपून ठेवा. गिटार विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक बदललेल्या पिकअपचे जास्तीचे पैसे सहसा देत नाही. जुना परत बसवून नवा वेगळा विकलेला बरा.