रुग्णाची खाट कुठून आणावी: दुकानातून की साहित्य केंद्रातून?

‘उद्या डिस्चार्ज देतोय, घरी फाउलर बेडची सोय करून ठेवा,’ (म्हणजे डोक्याकडून-पायाकडून वर-खाली होणारी रुग्णाची खाट) एवढं बोलून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात आणि आपण हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून फोन लावत सुटतो. माझ्यावर ही वेळ दोनदा आली. आधी ठाण्यात घोडबंदर रोडला सासऱ्यांसाठी, तेव्हा रुग्णांचं साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानातून खाट आणली. मग नौपाड्यात आईसाठी, तेव्हा रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून. विकत घेण्याचा पर्याय मी धरतच नाही. ज्यांनी घेतली, त्यांच्या बाल्कनीत आज तिच्यावर पापड वाळत असतात.

साहित्य केंद्र म्हणजे काय, हे ठाणेकराला सांगायला नको. कुठे ज्येष्ठ नागरिक संघ चालवतो, कुठे लायन्स-रोटरीवाले, कुठे एखादं जैन मंडळ किंवा गणेशोत्सव मंडळ. रा. स्व. संघाच्या जनकल्याण समितीची केंद्रं तर महाराष्ट्रभर आहेत. अनामत ठेवायची, नावापुरतं भाडं द्यायचं, काम झालं की वस्तू परत.

पहिल्यांदा दुकान का निवडलं, तर रविवार होता. केंद्र बंद. दुकानाला दुपारी तीनला फोन केला आणि रात्री साडेआठला दोन पोरं खाट घेऊन बाविसाव्या मजल्यावर हजर. दहा मिनिटांत जोडली, खाट वर-खाली करायचा क्रँक फिरवून दाखवला, गादीवरचं प्लॅस्टिक फाडलं, मोबाइलवर पैसे घेतले आणि गेली. सासूबाई चहा विचारेपर्यंत लिफ्ट खाली पोहोचली होती. या कामात तक्रारीला जागाच नाही. सोसायटीत ओळख नाही, मुलगा परदेशात, जावई ऑफिसात अशा घराला दुकान म्हणजे देवच वाटावा.

अडचण आली ती परत देताना.

सासऱ्यांच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर होतं. ते अंदाजापेक्षा लवकर उठून बसले. एकोणतिसाव्या दिवशी मी दुकानात फोन केला, खाट घेऊन जा. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, ‘सर, तुमच्या साइडला गाडी शुक्रवारी येते.’ शुक्रवारी चौतिसावा दिवस होता. गाडी आली, खाट गेली, आणि अनामत परत आली ती दुसऱ्या महिन्याचं पूर्ण भाडं वजा होऊन. मी म्हटलं, अहो, उशीर तुमच्या गाडीला झाला. तर म्हणे, ‘सर, सिस्टीममध्ये महिनाच पडतो.’ अडीच हजार काही डोंगराएवढे नाहीत. पण पाच दिवस आमच्या हॉलमध्ये आडवी पडलेली ती रिकामी खाट, तिला वळसा घालत फिरणारी आम्ही माणसं, आणि त्याचेच पैसे आमच्याकडून. ते डोक्यात बसलं ते बसलंच.

नंतर लक्षात आलं की हे सगळ्यांनाच भोवणार. हाडांचे डॉक्टर नेहमी आठवड्यांत बोलतात. ‘सहा आठवडे आराम.’ दुकान बोलतं महिन्यांत. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, म्हणजे दुकानाच्या हिशेबाने दोन महिने. मधले अठरा दिवस कुणाचे, ते कळलं असेलच. सगळीच दुकानं अशी असतील असं मी म्हणत नाही. पंधरवड्याचं भाडं लावणारं एखादं असेलही. मला भेटलं नाही.

आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी दोन दिवस आधीच केंद्र गाठलं. संध्याकाळी सहा ते आठ एवढीच वेळ. इमारतीखालचा एक गाळा. भिंतीला खिळे ठोकून वॉकर एकात एक अडकवलेले, कुबड्यांच्या जोड्या सुतळीने बांधून कोपऱ्यात, वर माळ्यावर कमोडच्या खुर्च्या. टेबलाशी सत्तरीतले एक काका, समोर हाताने रेघा मारलेली वही. मी घरून यादी करून नेली होती: खाट, व्हीलचेअर, कमोड चेअर, वॉकर, एअर बेड (पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने हवा भरत राहणारी गादी).

काकांनी यादी बाजूला ठेवली. ‘घर कुठे? कितवा मजला? बाथरूमचा दरवाजा मोजलात?’

नव्हता मोजला. बायकोला फोन करून मोजायला लावला, चोवीस इंच. काका म्हणाले, ‘मग व्हीलचेअर कशाला नेता? साधी व्हीलचेअर बाहेरून बाहेर पंचवीस इंचांच्या वर जाते. आत शिरणार नाही आणि पॅसेजमध्ये वळणार नाही.’ त्याऐवजी उंच पायांची कमोड चेअर दिली, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर खाली वाकून बसायचं नसतं. सासऱ्यांच्या वेळी दुकानातून व्हीलचेअरही आणली होती आणि ती महिनाभर पॅसेजमध्ये वर्तमानपत्रं ठेवायला वापरली. दुकानाने तेव्हा एक प्रश्न विचारला नव्हता. का विचारावा? मागेल ते देणं हाच त्यांचा धंदा.

वॉकरही काकांनी तिथेच लावून दिला. माझ्या आईची उंची विचारून नाही, तर ‘हात सैल सोडला की मनगट कुठे येतं’ ते विचारून, कारण मूठ त्या उंचीला यायला हवी. पायांची रबरी बुचं उलटी करून पाहिली, एक झिजलेलं होतं, ते ड्रॉवरमधून नवं काढून बसवलं.

आता केंद्राचे तोटेही सांगतो, नाहीतर काकांनी लाच दिली असं वाटेल. सुट्टीच्या दिवशी बंद. आधारची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ने-आण सर्वस्वी तुमची. मी टेम्पो केला, दोन हमाल धरले. आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. साडेसहा फूट बाय तीन फुटांचा तो लोखंडी सांगाडा. डोक्याची आणि पायाची फळी निघते म्हणून वळणावर निभावलं, तरी दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या तुळशीला धक्का लागलाच. खाटेला दोन ठिकाणी गंज. क्रँकचा एक दांडा हरवलेला, त्याच्याऐवजी दुसऱ्या खाटेचा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तो फिरवताना असा करकरायचा की पहिल्या रात्री आईपेक्षा आम्हीच जास्त जागे होतो. मशीनचं तेल घातल्यावर थांबला.

एअर बेड तर मिळालाच नाही, चार जण नंबर लावून बसले होते. तो आम्ही विकत घेतला. इथे एक सांगून ठेवतो: एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायला नको, हा गैरसमज आहे. दर दोन तासांनी वळवायचंच. आणि वीज तुटली की पंप बंद, म्हणून मोबाइलचा चार्जर घेऊन फिरणाऱ्या नातवंडांना त्या प्लगला हात लावू देऊ नका.

आणखी एक गोष्ट काही घरांना खटकते. केंद्राच्या वस्तूंवर ऑइल पेंटने देणाऱ्याचं नाव असतं, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. आमच्या खाटेवरचं नाव घासून घासून गेलं होतं, फक्त ‘यांच्या स्मरणार्थ’ उरलं होतं आणि तेही पायाकडच्या फळीवर, बरोबर आईच्या नजरेसमोर. मी चादर टाकून झाकत होतो. आई म्हणाली, ‘राहू दे. कुणाच्या ते लिहिलेलं नाही ना अजून.’ तिला चाललं. तुमच्याकडे चालेलच असं नाही. दुकानाच्या खाटेवर फक्त बारकोड होता.

फाउलर या नावाचीही एक गंमत निघाली. फाउलर हे न्यूयॉर्कचे सर्जन. पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्णाला अर्धवट बसतं ठेवावं, हे सव्वाशेक वर्षांपूर्वी त्यांनी रूढ केलं. आमच्या हमालांच्या तोंडी मात्र ते ‘फावला बेड’. आईला तेच नाव जास्त पटलं.

पैशांचं म्हणाल तर माझ्या वेळचे आकडे असे. दुकान: महिना २,५००, अनामत ५,०००, ने-आण प्रत्येक वेळी ८००. केंद्र: महिना ३००, अनामत ३,०००, टेम्पो-हमाल मिळून एका खेपेला हजार-बाराशे. म्हणजे दोन्ही खेपा धरल्या तर फरक वाटतो तेवढा मोठा नाही, आणि केवळ पैसे वाचवायला कुणी तीन मजले खाट चढवू नये. पण खाट परत द्यायला गेलो तो अठ्ठेचाळिसावा दिवस होता. काकांनी वही उलटली, बोटं मोजली आणि म्हणाले, ‘दीड महिना धरू. साडेचारशे.’ अनामतीतून वजा करून अडीच हजार हातावर ठेवले आणि वरच्या पन्नासासाठी दोन्ही ड्रॉवर धुंडाळले. मी नको म्हणत होतो, तर पावतीपुस्तक पुढे सरकवून म्हणाले, ‘मग देणगीची पावती घ्या.’

एअर बेड तिथेच देऊन टाकला. त्यावर करसवलत मिळेल का, असं मी विचारलंही. मिळत नाही, ती पैशाच्या देणगीला असते, वस्तूला नाही.

एका बाबतीत मात्र मी आजही दुकानात जाईन: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारं मशीन. खाट करकरली तर तेल घालता येतं. हे मशीन रात्री दोनला बंद पडलं तर दुसरं घेऊन धावत येणारा माणूस हवा, आणि आठला शटर ओढून घरी गेलेल्या काकांकडून ती अपेक्षा करणं बरं नाही. तसंच डिस्चार्ज आजच आहे आणि धावपळीला माणूस नाही, तर दुकानच बरं. फक्त गाडी परत न्यायला कधी येते, ते खाट आत घेण्याआधी विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या. हाताशी दोन दिवस असतील, खाली टेम्पो उभा राहत असेल, तर आधी केंद्रात एक चक्कर मारा. दरवाजे मोजून जा.

वॉकर अजून आमच्याकडेच आहे. आई आता काठीवर चालते, तरी ‘असू दे, लागला तर’ म्हणून तो कपाटामागे उभा आहे. भाडं एवढं कमी की परत देण्याची घाई कुणालाच होत नाही. एअर बेडसाठी नंबर का लावावे लागतात, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. काल काकांचा फोन आला, एक बाई थांबल्यात. आज सहाला नेऊन देतो.