रिफर्बिश्ड टॉवर सर्व्हर, नऊ महिन्यांनंतर: दर सोमवारी लॉगिन का अडत होतं

कॉन्फिगरेशन परत लिहीत नाही. हे मॉडेल घेणाऱ्यांना ते पाठ असतं. सांगलीत माझं करसल्लागाराचं ऑफिस आहे, ११ कॉम्प्युटर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१९ आणि एकच डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर (त्याच्या ताब्यातलं जाळं म्हणजे डोमेन). हे रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण दुरुस्त करून पुन्हा विकलेलं मशीन २८ हजारांना घेतलं, एक वर्षाच्या वॉरंटीवर. नवीन घ्यायचं तर तिप्पट पैसे गेले असते, आणि ते माझ्याकडे नव्हते.

पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. जूनमध्ये नवा लॅपटॉप डोमेनला जोडायला गेलो, तर 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही'. सर्व्हरला पिंग (जोडणी तपासायचा संदेश) जात होतं, शेअर केलेला प्रिंटर चालत होता, तरी डोमेन सापडेना. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्या रागात मी या मशीनला दोन स्टार द्यायचे ठरवले होते, आणि ते चुकीचं ठरलं असतं.

त्याच आठवड्यात इंटरनेटवाल्याने राउटर बदलला होता. नवा राउटर सगळ्यांना स्वतःचाच पत्ता डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून वाटत होता. डोमेन कुठे आहे हे कॉम्प्युटर डीएनएसला विचारतो, आणि ते सांगणारी नोंद (एसआरव्ही) फक्त आपल्या सर्व्हरकडे असते. बाहेरच्या डीएनएसला आपल्या ऑफिसचं डोमेन ठाऊक असायचं कारण नाही. पिंग मी आकड्यांच्या पत्त्यावर मारत होतो, म्हणून ते जात होतं. जुन्या कॉम्प्युटरांवर कुणीतरी पर्यायी डीएनएस म्हणून ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) भरून ठेवलं होतं, तेही काढलं. पहिल्या डीएनएसने उत्तर द्यायला वेळ लावला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि तिथेच रेंगाळतं. आता सगळ्यांना डीएनएस म्हणून एकट्या सर्व्हरचा पत्ता आणि ८.८.८.८ सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरला स्वतःला उत्तर माहीत नसेल तर तो तिथे विचारतो. लॅपटॉप पाच मिनिटांत जोडला गेला. यात मशीनचा काही दोष नव्हता.

पण खरं दुखणं जुलैपासून सुरू झालं, आणि लिहायला बसलो ते त्यासाठी.

दर सोमवारी सकाळी दोन-तीन कॉम्प्युटर हट्टाला पेटायचे. लॉगिन व्हायचं, कारण विंडोज जुनं लॉगिन साठवून ठेवतं, पण क्लायंटच्या फाइलींचा ड्राइव्ह उघडायचा नाही. रीस्टार्ट केला की कधी चालायचं, कधी नाही. दुपारपर्यंत आपोआप सगळं सुरळीत. मंगळवार ते शनिवार एक शब्द तक्रार नाही. एका कॉम्प्युटरवर 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा मेसेजही आला. तो मात्र जुन्या बॅकअपवरून रिस्टोअर केला होता, म्हणून त्याचा मशीन पासवर्ड सर्व्हरशी जुळत नव्हता. सिक्युअर चॅनेल (कॉम्प्युटर आणि सर्व्हरमधला विश्वासाचा दुवा) रिपेअर केला, संपलं.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, वॉरंटीत येत नाही. सर्व्हर फॉरमॅट मारून डोमेन नव्याने करावं लागेल. साडेचार हजार होतील." ११ कॉम्प्युटर, सगळ्यांची प्रोफाइल, आणि माणूस हे बसल्या जागी सांगतो, मशीन न बघता! तीन वेळा फोन केले, तीनदा तेच उत्तर.

११ ऑगस्ट, सोमवार. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायची शेवटची तारीख. दुसरा शनिवार आणि रक्षाबंधन एकाच दिवशी आल्यामुळे सर्व्हर शुक्रवारी संध्याकाळपासून बंद. त्या दिवशी अकराच्या अकरा अडले. एकावर मेसेज होता: क्लायंट आणि सर्व्हर यांच्या तारखेत किंवा वेळेत फरक आहे. एंट्री करणाऱ्या ताई सर्व्हरच्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "सर, भिंतीवर साडेदहा वाजलेत, आणि इथे नऊ बावन्न कसे?"

३८ मिनिटं!

डोमेनमधली ओळख केर्बेरॉस नावाच्या ओळख-पद्धतीच्या तिकिटावर चालते, आणि तिकिटावर वेळ असते. दोन घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नाकारलं जातं. कुणी जुनं तिकीट चोरून पुन्हा वापरू नये, म्हणून ही मर्यादा. मी वीजबिल वाचवायला शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद करायचो. बंद असताना त्याचं घड्याळ मदरबोर्डवरच्या नाणेबॅटरीवर चालतं, आणि ती बॅटरी मरायला टेकली होती. सर्व्हर सोमवारी काही मिनिटं मागे उठायचा, कॉम्प्युटरांची घड्याळं मात्र तेवढी मागे नसायची. दुपारपर्यंत कॉम्प्युटर आपली वेळ सर्व्हरशी जुळवून घ्यायचे आणि सगळेच मिळून मागे पडायचे. म्हणून ते 'आपोआप' ठीक होत होतं! पाच आठवड्यांत ही तूट साठत गेली.

सर्व्हरला वेळ कुठून घेतोस असं विचारलं (डब्ल्यू३२टीएम, क्वेरी, सोर्स), तर उत्तर आलं 'लोकल सीमॉस क्लॉक', मदरबोर्डवरचं स्वतःचंच घड्याळ. म्हणजे बाहेरचा आधार कुणी दिलाच नव्हता. तो विकणाऱ्याने बसवून देतानाच द्यायला हवा होता, आणि रिफर्बिश्ड म्हणून विकताना जुनी बॅटरी बदलायला हवी होती. याबद्दल मी त्याला माफ करणार नाही.

सीआर२०३२ बॅटरी घड्याळाच्या दुकानात ४० रुपयांना मिळाली. झाकण उघडून जुनी काढली, तिच्या कडेला हिरवट बुरशीसारखं चढलं होतं. नवी बसवली, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वेळ लावली आणि सर्व्हरला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणारा) सर्व्हर दिला; भारतीय प्रमाणवेळ तिथेच राखली जाते. एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनेही संस्थांना वेळ एनआयसी (राष्ट्रीय माहिती केंद्र) किंवा याच प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलंय. त्यासाठी राउटरमधून यूडीपी १२३ हा पोर्ट (वेळ विचारायचा मार्ग) बाहेर जाऊ द्यावा लागतो. आणि एवढ्यावर बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका: फरक ४८ तासांहून मोठा असला, तर डोमेन कंट्रोलर मूळ सेटिंगमध्ये तो स्वतःहून भरून काढत नाही. बॅटरी पूर्ण मेली की घड्याळ थेट काही वर्षं मागे जातं.

त्या दिवशी सगळी रिटर्न संध्याकाळी सहाच्या आत गेली. त्यानंतर पाच सोमवार झाले, एकदाही अडलं नाही. मशीन शांत आहे, गरम होत नाही, डिस्क उत्तम. मशीनला साडेचार स्टार, विकणाऱ्याला एक. घेणार असाल तर पैसे देण्याआधी झाकण उघडायला लावा आणि बॅटरी समोर बदलून घ्या.