डंडी की डंडी युनायटेड?

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले हे दोन फुटबॉल क्लब. एकाच गल्लीत दोन स्टेडियम, मधे जेमतेम दोन-अडीचशे मीटर, म्हणजे शेजारच्यांनी गोल मारला की आरडाओरडा घरबसल्या ऐकू येणार. डंडी एफसी थोरली, 1893 ची, 1962 ला स्कॉटलंडची लीग जिंकली आणि पुढच्या वर्षी युरोपियन कपच्या (आताची चॅम्पियन्स लीग) सेमीफायनलला मिलानकडून हरली. युनायटेड 1909 ची, पण बार्सिलोनाशी चार मॅच खेळली आणि चारही जिंकली, राव! 1983 ची लीग तर त्यांनी चक्क डंडीच्याच मैदानावर डंडीला 2-1 हरवून नेली, यापेक्षा जास्त मीठ काय चोळणार. हल्लीचं बघाल तर दोघेही खालच्या डिव्हिजनमधून वर आलेत, 2024-25 ला युनायटेड चौथी, डंडी दहावी. मी युनायटेडवाला.