आरोग्य संजीवनी पॉलिसीत फायब्रॉइडचं एम्बोलायझेशन: मिळतं काय, कापलं जातं काय

फायब्रॉइडवर (गर्भाशयातल्या कर्करोग नसलेल्या गाठीवर) गर्भपिशवी न काढता होणारे उपचार विम्यात बसतात का, असं विचारलं की एजंट बहुतेक वेळा "बघावं लागेल" म्हणतो. आरोग्य संजीवनी या आरोग्य विमा पॉलिसीपुरतं तरी बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. पॉलिसीच्या मजकुरात आधुनिक उपचारांची बारा कलमांची यादी आहे आणि तिचं पहिलंच कलम आहे 'युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन आणि हायफू', म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं आणि ध्वनिलहरींनी गाठ तापवणं. विमा नियामक आयआरडीएआयने 2019 मध्ये हे उपचार विम्यातून वगळू नयेत असं ठरवून दिलं. संजीवनी 1 एप्रिल 2020 पासून विक्रीला आली, तेव्हापासून ती यादी तिच्यात आहे. या पॉलिसीचा मजकूर प्रमाणित आहे, म्हणजे कंपनी कोणतीही असो, अटी त्याच. फरक पडतो तो हप्त्यात आणि क्लेम हाताळण्याच्या पद्धतीत. त्यामुळे कंपनी बाजूला ठेवून थेट पॉलिसीचंच परीक्षण करता येतं.

निकाल आधी सांगतो. एम्बोलायझेशनसाठी ही पॉलिसी चांगली कामाला येते, पण विमा रक्कम 5 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर. हायफूचे पैसे मिळू शकतात, मात्र तिथे सगळी भिस्त हॉस्पिटलच्या कागदांवर. रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्ह ॲब्लेशन (सुईतून उष्णता देऊन गाठ जाळणं) करायचं असेल तर लेखी मंजुरी हातात पडल्याशिवाय तारीख घेऊ नका.

निम्म्याची मेख

यादीतल्या उपचारांना विमा रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात, आणि ही रक्कम म्हणजे पॉलिसी शेड्यूलवर छापलेली. क्लेम न केल्याबद्दल दर वर्षी 5 टक्के वाढत जाणारा बोनस त्यात धरला जाईल, या भरवशावर राहू नका. त्यावर प्रत्येक क्लेमला 5 टक्के को-पे (आपण स्वतः भरायचा वाटा) आहे, आणि तो मर्यादा लावून झाल्यावर उरलेल्या देय रकमेवर बसतो.

समजा एम्बोलायझेशनचं मान्य होण्याजोगं बिल 1,80,000 रुपये झालं. विमा 2 लाखांचा असेल तर मर्यादा 1 लाख, को-पे वजा जाता हातात 95,000. विमा 3 लाखांचा असेल तर मर्यादा दीड लाख, हातात 1,42,500, खिशातून 37,500. विमा 5 लाखांचा असेल तर मर्यादा अडीच लाख, म्हणजे ती आडवी येतच नाही. फक्त 9,000 को-पे जातो आणि 1,71,000 मिळतात. 5 लाखांचा आग्रह आम्ही धरतो तो या हिशोबामुळे.

आता यातली विसंगती बघा. दुर्बिणीतून गाठ काढली किंवा सरळ पिशवीच काढली, तर ही 50 टक्क्यांची मर्यादा लागत नाही. पिशवी वाचवणारा, कमी दिवस ॲडमिट ठेवणारा उपचार घेतला की लागते. तीच शस्त्रक्रिया रोबोटिक हाताने केली तरी लागते, कारण रोबोटिक सर्जरीही त्याच बारांमध्ये आहे. पैशांमुळे बाईने पिशवी काढण्याकडे झुकावं, अशीच ही रचना झाली आहे. मर्यादा घालताना कुणी असा विचार केला असेल असं नाही, पण परिणाम तोच होतो.

नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या नोकरीतली ग्रुप पॉलिसी असेल, तर उरलेली रक्कम तिच्यातून मागता येते. पहिली कंपनी किती देते त्याचं सेटलमेंट पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती घेऊन दुसरीकडे क्लेम लावायचा. मुळात ग्रुप पॉलिसीत प्रतीक्षा काळ (सुरुवातीचा, क्लेम न मिळण्याचा काळ) बऱ्याचदा माफ असतो, त्यामुळे दोन्ही हाताशी असतील तर आधी ग्रुपची अट वाचा.

24 महिने, आणि वाढवलेल्या रकमेचे वेगळे 24

संजीवनीत 24 महिन्यांच्या प्रतीक्षा यादीत पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया तर आहेच, शिवाय 'शरीरातील व बाहेरील सर्व साध्या गाठी, सिस्ट, पॉलिप' अशी एक ओळ आहे. फायब्रॉइड त्या ओळीत येतो. यादीत एम्बोलायझेशनचं नाव नाही म्हणून प्रतीक्षा नाही, असा युक्तिवाद कुणी शिकवला तर ऐकू नका. प्रतीक्षा आजाराला आहे.

पॉलिसी घेण्याआधीच सोनोग्राफीत गाठ दिसली असेल तर ती आधीपासूनचा आजार ठरते. 2024 च्या नियमांनुसार पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांतलं निदान, सल्ला किंवा उपचार यात मोडतात आणि त्यासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिने असू शकते. दोन्ही प्रतीक्षा लागू होत असतील तर त्यातली मोठी धरतात. प्रपोजल फॉर्मवर गाठ लपवणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. जुन्या सोनोग्राफीचा उल्लेख डॉक्टरांच्या केसपेपरवर 'गेली चार वर्षं त्रास' अशा एका ओळीत सापडतो, आणि मग क्लेमबरोबर पॉलिसीही जाते.

बहुतेकांना माहीत नसलेली अट आणखी पुढे आहे. विमा रक्कम वाढवली की वाढलेल्या भागाला प्रतीक्षा नव्याने सुरू होते. 3 लाखांची पॉलिसी चार वर्षं जुनी आहे, नूतनीकरणात 5 लाख केली आणि सहा महिन्यांनी एम्बोलायझेशन केलं, तर हिशोब जुन्या 3 लाखांवरच होणार. म्हणजे त्रास सुरू झाल्यावर रक्कम वाढवून उपयोग नाही.

प्री-ऑथच्या कागदांत काय असायला हवं

एम्बोलायझेशन इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट कॅथ लॅबमध्ये करतो. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांपर्यंत नेऊन सूक्ष्म कण सोडतात. गाठीचा रक्तपुरवठा बंद होतो आणि पुढच्या काही महिन्यांत ती आकसते. पहिले 12 ते 24 तास ओटीपोटात चांगलीच कळ येते, म्हणून एक रात्र ठेवतात. क्लेमच्या दृष्टीने ही रात्र सोन्यासारखी आहे: 24 तास भरले की ॲडमिट राहण्याची अट पूर्ण होते आणि डे-केअरचा (24 तासांच्या आत घरी सोडण्याचा) वाद उरत नाही. ॲडमिशन आणि डिस्चार्जची वेळ समरीवर तासा-मिनिटांसह आहे ना, ते बघून घ्या.

ठरवून करायचा उपचार असल्याने किमान 48 तास आधी कळवावं लागतं. प्री-ऑथसोबत (उपचाराआधीच्या मंजुरीच्या अर्जासोबत) स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टची चिठ्ठी, ओटीपोटाचा एमआरआय, सोनोग्राफी, हिमोग्लोबिनसह सीबीसी आणि डॉक्टरांनी केली असेल तर गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी जोडा. चाळिशीपुढच्या बाईच्या फाइलमध्ये बायोप्सी नसली की तिच्यावर क्वेरी (कंपनीचा लेखी प्रश्न) येण्याची शक्यता वाढते.

सगळा क्लेम स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर तरतो किंवा बुडतो. 'फायब्रॉइड, एम्बोलायझेशन सुचवले' एवढीच ओळ असेल तर 'गोळ्यांनी का भागत नाही', 'शस्त्रक्रिया का नको' असे प्रश्न परत येतात, कारण पॉलिसीत 'वैद्यकीयदृष्ट्या गरज असेल तेव्हा' असे शब्द आहेत. चिठ्ठीत हे यायला हवं: अंगावरून जास्त जाणं किती महिन्यांपासून आहे, हिमोग्लोबिन किती खाली आलं, वारंवार लघवीला जावं लागणं किंवा ओटीपोटात दाब असे त्रास आहेत का, कोणती औषधं किती दिवस दिली, गाठींची जागा आणि सेंटिमीटरमधला आकार, आणि पिशवी न काढण्याचं कारण.

याच चिठ्ठीत दुसरा सापळा असतो. मूल होत नाही म्हणून तपासणी चालू असताना गाठ सापडली, तर डॉक्टर सवयीने 'प्रायमरी इन्फर्टिलिटी' हे पहिलं निदान लिहितात. वंध्यत्वावरचा खर्च पॉलिसीत वगळलेला आहे, आणि टीपीएच्या (कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) डेस्कवरचा माणूस पहिली ओळ वाचून शिक्का मारतो. फायब्रॉइडचा निदान कोड डी 25 आहे, वंध्यत्वाचा एन 97. बाईला रक्तस्राव आणि ॲनिमिया खरोखरच असेल, तर उपचार त्यासाठी आहे हे पहिल्या ओळीत यावं. नसलेली लक्षणं मात्र लिहून घेऊ नका. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट शेजारीच लावलेला असतो.

अंतिम बिलानंतर हमखास येणारी एक क्वेरी: 'हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या ऊतीच्या तपासणीचा अहवाल) जोडा.' गाठीच्या क्लेमसाठी ठरलेल्या यादीतून ती आपोआप येते. एम्बोलायझेशनमध्ये काहीच कापून काढत नाहीत, तेव्हा रिपोर्ट कुठून येणार? हॉस्पिटलच्या लेटरहेडवर 'या प्रक्रियेत ऊती काढली जात नाही' एवढं एक वाक्य डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी डिस्चार्जच्या दिवशीच घेऊन ठेवा. त्यासाठी पुन्हा खेटे घालण्यात आठवडे जातात. कणांच्या बाटलीचं आणि मायक्रोकॅथेटरचं स्टिकर फाइलला चिकटवलेलं असावं, आणि त्यांचं खरेदी बिल वेगळं असावं.

हायफू: घरी लवकर जाण्याचा तोटा

हायफूमध्ये सुईसुद्धा गाठीपर्यंत जात नाही. एमआरआय किंवा सोनोग्राफीत बघत बाहेरून ध्वनिलहरींनी गाठ तापवतात. काही तासांचं काम, पुष्कळदा त्याच दिवशी घरी. पॉलिसी म्हणते की यादीतले उपचार ॲडमिट होऊन किंवा डे-केअरमध्ये घेतले तरी चालतील. पण डे-केअरच्या व्याख्येत जनरल किंवा लोकल ॲनेस्थेशिया हवा असं लिहिलं आहे, आणि ओपीडीत होणारं काम वगळलं आहे. हायफू नुसत्या गुंगीच्या औषधावरही करतात. त्यात बिल रेडिओलॉजी विभागाने ओपीडी नंबरवर काढलं, की नाकारायला आयती दोन कारणं.

म्हणून आधीच विचारा: आयपीडी (ॲडमिट पेशंटचा) किंवा डे-केअर नंबर मिळणार का, भूलतज्ज्ञाची नोंद होणार का, आणि केंद्र पॉलिसीच्या व्याख्येत बसतं का. हॉस्पिटलची क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट किंवा तशा कायद्याखाली नोंदणी नसेल, तर दहा लाखांवरच्या शहरात किमान 15 खाटा लागतात, त्याहून लहान गावात 10. डे-केअर केंद्राला खाटांची अट नाही, पण सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि पात्र नर्सिंग स्टाफ लागतो. फक्त स्कॅन सेंटर असलेल्या जागी केलेलं हायफू इथेच अडकतं.

रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन यादीत नाही. याचा एक फायदा असा की 50 टक्क्यांची मर्यादा तिला लावता येत नाही. तोटा असा की 'सिद्ध न झालेला उपचार' या वगळणुकीखाली कंपनी ते ढकलू शकते. कॅशलेस मंजुरीपत्रात उपचाराचं नाव नेमकं छापून आलं तरच पुढे जा. 'फायब्रॉइडचा उपचार' अशी मोघम मंजुरी नंतर कामी येत नाही.

रूमचं भाडं

संजीवनीत रूमभाडं विमा रकमेच्या 2 टक्के, पण दिवसाला 5,000 च्या वर नाही. पुण्या-मुंबईत चांगल्या हॉस्पिटलची सिंगल रूम यात क्वचितच बसते. महागडी रूम घेतली की डॉक्टरांची फी, कॅथ लॅबचे चार्जेस त्याच प्रमाणात कापले जातात. मात्र औषधं, वापरून टाकायचं साहित्य, इम्प्लांट आणि उपकरणं, तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असा आयआरडीएआयचा स्पष्ट नियम आहे. एम्बोलायझेशनच्या बिलात कण आणि मायक्रोकॅथेटर हाच मोठा भाग असतो. सेटलमेंट पत्रात त्यांच्यावर कपात दिसली तर सोडून देऊ नका. आणि मुळात एका रात्रीसाठी ट्विन शेअरिंग घ्या.

ॲडमिशनआधीचे 30 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 60 दिवस यांचा खर्च मिळतो. एमआरआय करून दोन महिने विचार करत बसलात तर तो एमआरआय गेला. ॲनिमियासाठी आयर्नची सलाइन 30 दिवसांत बसवता आली तर तिचं बिल लावता येतं. रिइम्बर्समेंट (आधी स्वतः भरून नंतर परत मागणं) असेल तर कागद डिस्चार्जपासून 30 दिवसांत द्यायचे. गाठ किती आकसली हे बघायला डॉक्टर साधारण तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय सांगतात. तो मात्र स्वतःच्याच खर्चाने.

कॅशलेस अडलं, क्लेम नाकारला

मे 2024 च्या परिपत्रकानुसार प्री-ऑथवर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. तीन तासांपुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. हॉस्पिटलने अंतिम बिल टीपीएकडे किती वाजता पाठवलं त्याचा ईमेल किंवा स्क्रीनशॉट मागून ठेवा. वाद पडला की नेमकी तीच वेळ सापडत नाही.

नकाराचं पत्र आलं तर त्यात पॉलिसीचं कलम लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर आधी तेच लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, सोबत 'बिमा भरोसा' पोर्टलवर, फोनसाठी 155255. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, अर्ज ऑनलाइनही होतो. अर्जाला आधुनिक उपचारांच्या यादीचं पान जोडा आणि पहिल्या कलमाखाली पेनाने रेघ मारा. पान पॉलिसीच्या पीडीएफमधूनच काढा, कंपनीच्या जाहिरातपत्रकातून नको.