अकरावी सायन्स: जनरल घ्यावं की बायफोकल?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी हा वाद रंगतो. जनरलमध्ये इंग्रजी, दुसरी भाषा, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो. बायफोकल कॉम्प्युटर सायन्समध्ये दुसरी भाषा आणि बायो जातात, त्या जागी कॉम्प्युटर सायन्स हा 200 गुणांचा एकच व्यावसायिक विषय येतो.

गुणांच्या दृष्टीने बायफोकल सरस. 200 पैकी 100 प्रॅक्टिकलचे, तेही बहुधा हातात पडतात. पण पेपर दोनमधला 8085 मायक्रोप्रोसेसर (संगणकाची एक चिप) आयत्या वेळी पाठ होत नाही. इन्स्ट्रक्शन लिहून, रजिस्टरमधली (चिपमधल्या छोट्या साठवण-जागेतली) किंमत दर पायरीला मांडूनच जमतो. जनरलमध्ये बायोच्या आकृत्या आणि पाठांतर वेळ खातात.

फी बायफोकलची जास्त, जागा मोजक्या. कॉलेज निवडताना लॅब चालू आहे का, तेवढं पाहाच.

खरा फरक पुढच्या वाटांचा. नीटच्या 720 पैकी 360 गुण बायोचे, त्यामुळे मेडिकलचा विचार एक टक्काही असेल तर बायो सोडू नका. इंजिनिअरिंग प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाला बायो लागतच नाही.

इंजिनिअरिंग पक्कं असेल तर बायफोकल. मन दोलायमान असेल तर जनरल. फक्त दुसरी भाषा टाळायची असेल तर 100 गुणांचं आयटी बघा, बायोही राहतं.